काच लागायच्या आधी

तुमच्या घराच्या खिडकीतून, बसथांब्यावरून किंवा रोजच्या फिरायच्या रस्त्यावरून सध्या एखादी उंच क्रेन नक्की दिसत असेल. खाली पत्र्याचं कुंपण, कुंपणावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आणि शेजारी पंचतारांकित हॉटेलचं नाव. आपण अशा इमारतीकडे दोनदाच नीट बघतो. कुंपण लागतं तेव्हा, आणि थेट वरच्या मजल्यावर दिवे लागतात तेव्हा. मधली तीन-चार वर्षं हॉर्न, धूळ आणि 'कधी संपणार हे काम' या कुरकुरीत निघून जातात.

खरं तर तीच वर्षं बघण्यासारखी असतात. एकदा काच लागली की इमारत आपलं सगळं झाकून घेते. ती कशावर उभी आहे, वाऱ्याला कशी तोंड देते, कुणाच्या हातांनी वर गेली, हे फक्त काच लागायच्या आधी दिसतं.

हे बघायला शिकायचं तर ज्या शहरात गगनचुंबी इमारतीचा जन्म झाला तिथेच जाऊ या. शिकागो.

जळालेल्या शहराची उंची

मराठी घरांत शिकागो हे नाव बहुतेक वेळा स्वामी विवेकानंदांमुळे माहीत असतं. १८९३ साली सर्वधर्म परिषदेत त्यांनी भाषण केलं ते याच शहरात. ज्या इमारतीत ही परिषद भरली तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट हे मोठं कलासंग्रहालय आहे आणि समोरच्या रस्त्याच्या एका भागाला विवेकानंदांचं नाव दिलेलं आहे.

विवेकानंद तिथे पोहोचले त्याच्या बावीस वर्षं आधी हे शहर जळून गेलं होतं. ऑक्टोबर १८७१ मधल्या आगीत सुमारे तीनशे माणसं गेली आणि जवळपास एक लाख लोक बेघर झाले. आगीनंतरचा राडारोडा मिशिगन सरोवरात टाकला गेला आणि शहराचा किनाराच थोडा पुढे सरकला. पुन्हा बांधायचं होतं, जागा महाग होती, आणि लाकडावरचा विश्वास उडाला होता. १८८५ साली विल्यम ले बॅरन जेनी या अभियंत्याने 'होम इन्शुरन्स बिल्डिंग' उभी केली. दहा मजली. आज आपल्याकडच्या साध्या सोसायट्याही त्याहून उंच असतात. पण त्या इमारतीचा भार जाड भिंतींऐवजी मुख्यतः आतल्या धातूच्या सांगाड्यावर होता. म्हणून पहिली गगनचुंबी इमारत असा मान बरेच जण तिला देतात. ती १९३१ मध्ये पाडली गेली, सांगाड्याची कल्पना मात्र जगभर गेली.

पुढची मोठी झेप घेतली ती आपल्या उपखंडातल्या माणसाने. ढाक्यात जन्मलेले फझलुर खान १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. सगळा भार आत ठेवण्याऐवजी इमारतीची बाहेरची चौकटच नळीसारखी मजबूत केली तर कमी पोलादात जास्त उंची गाठता येईल, हे त्यांनी दाखवून दिलं. शिकागोचं शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि ११० मजली सीअर्स टॉवर हे त्यांच्याच अभियांत्रिकीचं काम. हॅनकॉकमध्ये खाली दुकानं आणि कार्यालयं आहेत, वर घरं. एकाच इमारतीत अनेक प्रकारची आयुष्यं, ही कल्पना तिथे पन्नास वर्षांपासून रुजलेली आहे.

रेल्वेच्या यार्डात टॉवर

आता आपल्या टॉवरकडे येऊ. शिकागो नदी सरोवराला मिळते त्या टोकाशी 'लेकशोअर ईस्ट' नावाचा भाग आहे. तिथे पूर्वी रेल्वेचं मोठं यार्ड होतं. रेल्वे हलली, काही काळ तिथे गोल्फचं छोटं मैदान होतं, आणि मग टॉवर आले. मुंबईच्या परळ-वरळीत गिरण्यांच्या जागी काय झालं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. शहराला घडवणारं काम थांबतं, जमीन उरते, आणि त्या जमिनीची किंमत कामापेक्षा मोठी होते.

२०१६ मध्ये इथे 'व्हिस्टा टॉवर'चं काम सुरू झालं. १०१ मजले, ३६० मीटरहून जास्त उंची. खाली हॉटेल, वर सुमारे चारशे घरं. रचनाकार जीन गँग. शिकागोतल्याच या वास्तुविशारद बाईंनी जवळच लाटांसारख्या गच्च्यांचा 'अ‍ॅक्वा' टॉवर आधी उभा केला होता. स्त्री वास्तुविशारदाने रचलेली जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून व्हिस्टा टॉवरचं नाव घेतलं गेलं. २०२० मध्ये बांधकाम पुरं झालं. सुरुवातीला यात एका चिनी उद्योगसमूहाचा पैसा होता. त्याने आपला वाटा विकला, आणि टॉवरचं नाव 'सेंट रेजिस शिकागो' झालं. हॉटेल उघडलं २०२३ मध्ये. इमारत तीच, पण कुंपणावरच्या पाटीवर एक नाव आणि दारावर दुसरं. हे लक्षात ठेवा. उंच इमारतीत काँक्रीटइतकाच पैसाही ओतावा लागतो, आणि काँक्रीट सुकायच्या आधी पैशाचा मालक बदलू शकतो.

हॉटेल आणि घर एकत्र का?

हॉटेल आणि महागडी घरं एकाच टॉवरमध्ये का बांधतात, असा प्रश्न पडतो ना? हिशोब साधा आहे. घरं बांधकाम चालू असतानाच विकता येतात, त्यामुळे पैसा लवकर फिरतो. हॉटेलची कमाई मात्र ते उघडल्यावर, रोज थोडी थोडी येते. घर घेणाऱ्याला हॉटेलचं स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव, दारावरचा माणूस मिळतो आणि नावाजलेल्या हॉटेलची पाटी लागली की त्याच चौरस फुटाचा भाव वाढतो. हॉटेल बहुधा खालच्या मजल्यांवर असतं, कारण पाहुणा दोन रात्रींसाठी येतो. देखाव्याची खरी किंमत मोजतो तो कायम राहणारा, म्हणून घरं वर. दोघांची दारं वेगळी, लिफ्टही वेगळ्या.

काय बघायचं?

पहिला टप्पा आहे खड्डा. तो सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. शिकागोची वरची माती मऊ, चिकण आहे. म्हणून मोठ्या टॉवरचे पाये खोल खडकापर्यंत न्यावे लागतात. महिनोन् महिने वर काहीच दिसत नाही. शेजारचे म्हणतात, काम बंद पडलं वाटतं. ते बंद पडलेलं नसतं, जमिनीखाली चाललेलं असतं.

मग मधोमध एक आंधळा, खिडक्या नसलेला काँक्रीटचा खांब वर येतो. तो इमारतीचा कणा. लिफ्ट, जिने, पाण्याच्या नळ्या, विजेच्या तारा सगळ्या त्याच्यातून जातात. कणा नेहमी मजल्यांच्या थोडा पुढे असतो. त्याच्या मागोमाग मजले चढतात. काम लयीत आलं की साधारण आठवड्याला एक मजला पडतो, कधी त्याहून लवकर. लहान मुलांना घेऊन दर रविवारी एकाच जागेवरून मजले मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुठल्या आठवड्यात आकडा पुढे सरकला नाही तर मुलांनाच कारण शोधू द्या. सण होता? पाऊस होता? की वारा? वारा जोरात असला की क्रेन थांबवावी लागते.

क्रेन स्वतः कशी उंच होते, हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो. उत्तर गमतीचं आहे. अनेक क्रेन आपला वरचा भाग जॅकने उचलून धरतात, मधल्या फटीत खांबाचा नवा तुकडा सरकवतात, आणि अशा रीतीने स्वतःच स्वतःला वाढवतात.

शिकागोत याला थंडीची जोड होती. काँक्रीट गोठलं तर कच्चं राहतं. म्हणून हिवाळ्यात ते ऊब देऊन, झाकून जपावं लागतं. व्हिस्टाचं काम चालू असतानाच, जानेवारी २०१९ च्या अखेरीस, शहराचं तापमान उणे तीस अंशांपर्यंत उतरलं होतं.

मग काच येते, खालून वर. वरचे मजले अजून उघडे असतात तेव्हा खालच्यांत आकाश दिसायला लागतं. पण एका बाजूला वरपासून खालपर्यंत एक पट्टा उघडाच राहतो, नवीन कापडाला शिवण घालायची राहून गेल्यासारखा. तिथे मजुरांची आणि सामानाची लिफ्ट बाहेरून लावलेली असते. ज्या वाटेने हजारो माणसं आणि सगळं सामान वर गेलं ती वाट सर्वांत शेवटी बुजवली जाते. त्या पट्ट्याला काच लागली की समजा, बांधणाऱ्यांचं काम संपत आलं. यापुढे त्या दारातून आत जायला वेगळी ओळख लागेल.

त्र्याऐंशीवा मजला

व्हिस्टाचे तीन उभे भाग एकमेकांना चिकटलेले आहेत, तीन भावंडं खांद्याला खांदा लावून उभी असावीत तसे, तिन्ही वेगळ्या उंचीचे. जवळून बघितलं तर भिंत सरळ नाही. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा काही इंच आत किंवा बाहेर सरकतो, म्हणून टॉवर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा दिसतो.

आणि वर, ८३व्या मजल्यावर, काहीच नाही. खिडक्या नाहीत, घरं नाहीत. आरपार वारा. देखावा सर्वांत सुंदर, किंमत सर्वांत जास्त मिळाली असती अशा उंचीवरचा एक अख्खा मजला रिकामा सोडला आहे.

कारण असं. उंच इमारतीच्या दोन्ही बाजूंनी वारा आळीपाळीने भोवरे करत सुटतो. प्रत्येक भोवरा तिला किंचित ढकलतो. झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसंच. हे भोवरे मोडायचे तर वाऱ्याला मधून वाट द्यायची. उरलेल्या हेलकाव्यासाठी माथ्याजवळ पाण्याच्या मोठ्या टाक्या आहेत. कडेवरच्या कळशीतलं पाणी आपल्या पावलाच्या मागे राहून उलट हिंदकळतं, तसं टाकीतलं पाणी टॉवरच्या विरुद्ध हेलकावतं आणि झोका शांत करतं. इमारत पडू नये एवढ्यासाठीच हे केलेलं नाही. वरच्या घरात माणसाला गरगरू नये, ग्लासातलं पाणी हलताना दिसू नये, म्हणूनही आहे.

मला या टॉवरमधलं हेच सर्वांत आवडतं. एवढा पैसा, एवढा हव्यास, आणि तरी एका मजल्यावर वाऱ्याला म्हणावं लागलं, बाबा, तू आधी जा.

आकाश कुणाचं?

पण वाट मागणारा वारा एकटाच नसतो. शिकागो पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत सरोवराकाठच्या एकाच काचेच्या प्रदर्शन केंद्रावर आपटून जवळपास हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर ठिपक्यांची पारदर्शक पट्टी लावली आणि मृत्यू खूपच कमी झाले. उपाय होता, अवघडही नव्हता. फक्त कुणीतरी रोज सकाळी खाली पडलेले पक्षी मोजायला हवे होते. शिकागोत स्वयंसेवक वर्षानुवर्षं पहाटे उठून तेच करत आले आहेत. बघत राहणं हे रिकाम्या माणसाचं काम नाही, ते इथे कळतं.

माणसांचाही हिशोब आहेच. अशा टॉवरचं आतलं सुख काही शे कुटुंबांचं. सावली, वाढलेली रहदारी, पाण्याची मागणी आणि बदललेलं क्षितिज मात्र सगळ्यांचं. म्हणून शहराने बदल्यात काय मिळवलं, हे विचारायलाच हवं. व्हिस्टाच्या मधल्या भागाखालून चालणाऱ्यांसाठी वाट सोडली आहे. मागच्या बागेतून नदीकाठी जाता येतं, खिशात काही नसलं तरी. शंभर मजल्यांच्या मानाने एक पायवाट म्हणजे फार नव्हे. पण ती आहे, कारण आराखडा कागदावर असताना तिचा विचार झाला. काच लागल्यावर अशी वाट काढता येत नाही.

तर आता पुन्हा तुमच्या खिडकीशी या. पुणे असो, इंदूर असो, बडोदा की हैदराबाद, समोरचा टॉवर अजून अर्धा असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. कुंपणावरच्या फलकावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक बघा. महाराष्ट्रात असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका. मजले किती मंजूर आहेत, काम कधी पुरं होणार, हे कुणालाही वाचता येतं, त्यासाठी तिथे घर घ्यावं लागत नाही. झाडं किती गेली, पदपथ परत मिळणार का, मजुरांच्या डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला पट्टा आहे का, हेही बघा आणि खटकलं तर पालिकेला लिहा.

आणि एखाद्या संध्याकाळी घरातल्या लहानांना गच्चीवर घेऊन जा. पाळी सुटायच्या वेळी बाहेरची लिफ्ट खाली येते. तिच्यातून उतरणारी माणसं पिवळी टोपी काढून कपाळ पुसतात, डबा हातात घेतात आणि रस्ता ओलांडून आपल्या पत्र्याच्या खोल्यांकडे जातात. मुलांना सांगा, या टॉवरच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरून शहर पहिल्यांदा यांनी बघितलं.