अनुताप कुणी करायचा?

कुणी कामं आवरून रेडिओपाशी बसल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही सांगणार नाही. आज एका शब्दावर बोलू. तो शब्द म्हणजे 'भोग'.

मागे एका गटाच्या बैठकीत एका ताईंचा हप्ता सलग दोनदा चुकला होता. मी त्यांना सगळ्यांदेखत बोलले. त्यांनी मान खाली घातली आणि एवढंच म्हणाल्या, "माझेच भोग, ताई." दोन दिवसांनी कळलं की हप्त्याचे पैसे नवऱ्यानं मारहाण करून काढून घेतले होते. पैसे त्यांचे गेले, मार त्यांनी खाल्ला, आणि मानही त्यांनीच खाली घातली.

दुःख सोसलं की पाप धुऊन जातं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण संतांच्या कथा नीट ऐका. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एक, वाट्याला आलेलं दुःख. दुसरी, आपल्या हातून झालेल्या चुकीची मनाला लागलेली धग. ह्या दुसऱ्या गोष्टीला कीर्तनात 'अनुताप' म्हणतात. सोनं तापलं की त्यातलं हीण जळतं, तसं अनुतापानं मन शुद्ध होतं. आता ही धग कुणाला लागायला हवी? ज्याच्या हातून चूक झाली त्याला.

पुंडलिकाची कथा आपल्याला पाठ आहे. त्यानं आईवडिलांचे हाल केले. काशीच्या वाटेवर कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याला तीन बायका झाडलोट करताना दिसल्या. त्या मळकट येत आणि उजळ होऊन जात. त्या होत्या गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यांच्याकडून पुंडलिकाला कळलं की आईवडिलांना छळणाऱ्याला तीर्थ पावत नाही. मग तो काशीला जाऊन रडत बसला नाही. माघारी फिरला आणि ज्यांना छळलं त्यांचेच पाय चेपू लागला. देव दारात आला तरी उठला नाही, उभं राहायला वीट तेवढी पुढे टाकली. खरा अनुताप असा असतो. ज्याचं वाईट केलं, त्याच्याच दारात तो फेडावा लागतो. आणि एक बघा, ह्या कथेत शुद्ध झाला तो पुंडलिक. छळ सोसला म्हणून आईवडील शुद्ध झाले, असं कथा कुठंच सांगत नाही.

आता संत बहिणाबाईंकडे या. ह्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. ह्या त्यांच्या कितीतरी आधीच्या, तुकोबांच्या शिष्या. वेरूळजवळच्या देवगावच्या, समाधी शिऊरला. अगदी लहानपणी त्यांचं लग्न वयानं खूप मोठ्या बिजवराशी झालं. कोल्हापुरात कीर्तनाला जातात म्हणून नवऱ्यानं त्यांना बेदम मारलं. पुढे तुकोबांना गुरू मानलं, तर तो घर सोडून निघाला. तेव्हा बहिणाबाई गरोदर होत्या. नेमका तोच तापानं अंथरुणाला खिळला. बहिणाबाईंनी त्याची सेवा केली. त्या आजारपणात त्याला स्वतःची चूक उमगली आणि तो बदलला. पुढे दोघं देहूला गेले.

हे सगळं बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांतून सांगितलंय. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईनं 'नवऱ्यानं मला मारलं' हे लपवलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण आपल्याकडे ही कथा सांगताना म्हणतात, "बघा, सोसलं म्हणून नवरा सुधारला." मला ते पटत नाही. नवरा सुधारला तो त्याला स्वतःला पश्चात्ताप झाला म्हणून. बाईनं मार खाल्ल्यानं मारणाऱ्याचं पाप धुतलं जात नाही.

आणि तुकोबा? १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेले. पण त्या दुष्काळात घरं कितीतरी जणांची उजाडली. नुसत्या दुःखानं माणूस मोठा होत नाही, दुःखानंतर तो काय करतो ते बघायचं. घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं. भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. स्वतः भूक पाहिलेल्या माणसानं दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवलं. त्यांच्या दुःखाला मोल आलं ते इथं.

हे आठवलं आणि मला कळलं की त्या बैठकीत अनुताप मला व्हायला हवा होता. मी त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. पण बोलले होते सगळ्यांसमोर, म्हणून पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा मागितली. तेव्हापासून आम्ही ठरवलं: हप्ता चुकला तर आधी दोघींनी घरी जाऊन विचारपूस करायची, मग बैठकीत विषय काढायचा. त्या ताईंचे पैसे आता शेजारची सदस्य थेट जमा करते. मारहाण पूर्ण थांबली असं नाही सांगत. पण त्या आता 'माझे भोग' म्हणत नाहीत.

मैत्रिणींनो, उपास करा, वारीला जा, देवापुढे रडा. मन हलकं होतं, मीही करते. फक्त पुढच्या वेळी 'भोग' शब्द तोंडात आला की स्वतःला विचारा: ह्यात माझी चूक आहे का? असेल तर ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. नसेल तर मान वर करा आणि सांगा. गटात सांगा, माहेरी सांगा, १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आपल्यासाठीच आहे.

येत्या बैठकीत ह्यावर जरूर बोला. राम कृष्ण हरी.