रुई दाबली तरी रुईच. हा स्फटिक दाबला की चुंबकत्व बदलतं

जैनथ : हंगामात जैनथ-बेला भागातला कापूस आदिलाबादच्या जिनिंगमध्ये जातो. तिथे प्रेसमध्ये ढीगभर रुई दाबून गाठ बांधतात. पण कितीही दाबली तरी रुई ती रुईच. स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट नावाच्या स्फटिकाचं तसं नाही. तो दाबला की त्याच्या आतलं चुंबकत्वच बदलतं. त्यामागचं गणित मांडणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या विदर्भात, अकोल्यात जन्मलेले : डॉ. बी. श्रीराम शास्त्री.

आधी अडचण समजून घेऊ. काही पदार्थांत प्रत्येक अणू म्हणजे बारीकसं चुंबक असतं आणि ते शेजाऱ्याच्या उलट तोंड करू पाहतं. दोघेच असले तर भागतं, एक वर, एक खाली. तिघे त्रिकोणात आले की तिसऱ्यानं कुणाच्या उलट व्हायचं? या कोंडीला शास्त्रज्ञ 'फ्रस्ट्रेशन' म्हणतात.

शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये अशा कोंडीची एक जाळी कागदावर मांडली. तिचं उत्तर सोपं निघालं : अणू जोड्या लावतात, जोडीचं चुंबकत्व मिळून शून्य. शेजारच्या जोडीतले दोघे उलट दिशांना ओढतात, म्हणून ती ओढ आपसातच कटते. नेमकी हीच जाळी या स्फटिकातल्या तांब्याच्या अणूंत आहे, हे जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. म्हणजे गणित अठरा वर्षं पदार्थाची वाट पाहत होतं!

आता दाब कशाला? सगळा खेळ दोन ओढींच्या प्रमाणाचा आहे. जोड्या-जोड्यांमधली ओढ जोडीच्या आतल्या ओढीच्या साधारण ०.६७५ पट झाली की जोड्या टिकत नाहीत. हा स्फटिक मुळातच त्या काठावर, ०.६३ च्या आसपास आहे. दुसरा अणू मिसळून प्रमाण बदलता येतं, पण मग पदार्थच भेसळीचा होतो. दाबानं फक्त तांबे-ऑक्सिजन-तांबे हा कोन किंचित हलतो आणि जोडीतली ओढ जास्त वेगानं ढिली पडते.

सुमारे २०,००० वातावरणांच्या दाबाला, म्हणजे समुद्राच्या सगळ्यात खोल तळाच्या अठरा पट दाबाला, जोड्या मोडून चार-चार अणूंची चौकडी जमते. २०१७ मध्ये हे प्रयोगात दिसलं. दाब आणखी वाढवत दुपटीजवळ नेला की एक वर, एक खाली अशी सरळ रांग लागते. हे सगळं उणे २७० अंशांच्या जवळपास, कडाक्याच्या थंडीत. २०२१ मध्ये तर पाणी-वाफेसारखा 'क्रांतिक बिंदू'ही त्यात सापडला.

यानं उद्या कुणाचा मोबाईल स्वस्त होणार नाही. पण चौकडी मोडून रांग लागते त्या टप्प्यावर नेमकं काय घडतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.