सोन्याची झाक, मातीचे मोल

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशी संडरलँड हे जुने बंदर वसले आहे. तेथील संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील स्थानिक मातीकामाचा मोठा संग्रह आहे. त्यातील पेले, दुधाची भांडी आणि भिंतीवर टांगावयाच्या तबकड्या यांवर गुलाबी-जांभळी, धातूसारखी चमकणारी झाक दिसते. तिला ‘लस्टर’ म्हणतात. सामान्यांच्या घरातील या भांड्यांवरची ती झाक खऱ्या सोन्याची आहे, हे कळल्यावर पाहणाऱ्यास नवल वाटल्यावाचून राहत नाही.

सोने अम्लराजात विरघळवून तेलात मिसळीत आणि झिलई दिलेल्या भांड्यावर कुंचल्याने लावीत. सौम्य आचेच्या भट्टीत भांडे पुन्हा भाजले की तेल जळून जाई व सोन्याचा अतिशय पातळ थर मागे उरे. पांढऱ्या मातीवर तो गुलाबी दिसे, तर तांबूस मातीवर तांब्यासारखा. ओल्या लेपावर तेलाचे थेंब शिंपडले, की भट्टीत बुडबुडे फुटून संडरलँडची ओळख ठरलेली ठिपकेदार नक्षी उमटे. चंदेरी भांड्यांसाठी मात्र चांदी उपयोगाची नव्हती, कारण ती काळी पडते. तेथे प्लॅटिनम वापरीत. त्या काळी ते सोन्याहून स्वस्त होते.

सोने वापरूनही भांडे परवडे, यामागे चोख व्यवहार होता. सोने अत्यल्प लागे. चित्रे कोरीव ताम्रपटावरून कागदावर छापून भांड्यावर उतरविली जात. कोळसा जवळच्याच खाणींतून मिळे आणि तो पोहोचवून रिकामी परतणारी जहाजे समतोलासाठी दक्षिणेकडील पांढरी माती भरून आणीत.

चंदेरी चहादाण्या म्हणजे चांदीच्या भांड्यांची हुबेहूब नक्कल होती. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विद्युत-मुलाम्याचे पेटंट घेतले. धातूच्या भांड्यांवरच चांदीचा स्वस्त मुलामा मिळू लागताच मातीच्या नकलेचे प्रयोजन संपले. गुलाबी भांडी मात्र त्यानंतरही अनेक वर्षे घरोघरी जात राहिली. ती कोणाची नक्कल नव्हती. त्यांवर शिडाची जहाजे होती, खलाशांच्या निरोपाच्या ओळी होत्या, कधी नवदांपत्याची नावे असत. काही पेल्यांच्या आत मातीचा बेडूक बसविलेला असे. पेय संपत आले की तो डोके वर काढी आणि बैठकीत हशा पिके.

या भांड्यांवर सर्वाधिक आवडीने रेखाटला गेला तो वेअर नदीवरील २३६ फूट लांबीच्या एकाच कमानीचा लोखंडी पूल. १७९६ मध्ये तो खुला झाला, १८५० च्या दशकाअखेरीस त्याची पुनर्बांधणी झाली आणि १९२९ मध्ये त्याची जागा नव्या पुलाने घेतली. ते कारखाने आणि शिडाची जहाजेही काळाआड गेली. लोखंडाचा पूल राहिला नाही. ठेच लागताच फुटणाऱ्या मातीने मात्र त्याची आठवण जपली आहे.