घाट, ट्रक आणि सरपण

पावसाळा ओसरला आणि रानवाटा सुकल्या, की आमच्या खानापूर तालुक्यात लाकडाने भरलेले ट्रक दिसू लागतात. कोणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरून साखळीकडे जातो, कोणी रामनगरावरून अनमोडचा घाट उतरून मोलेंकडे. गोव्यातील पोदेरांच्या भट्ट्यांना सरपण लागते, विटांच्या भट्ट्यांना लागते, आणि आमच्या घरांतील चुलींनाही लागतेच. ह्या धंद्यावर आमच्या माहितीतील कित्येक कुटुंबांचे पोट आहे. घराबाहेर उभा असलेला तो एकच ट्रक, त्याच्यावर बँकेचे कर्ज, आणि त्या कर्जाच्या हप्त्यावर मुलांचे शिक्षण टांगलेले. म्हणून त्याच्या निगेविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे मनात आले.

वाचक विचारतील, पाद्रीबाबांना ह्यातले काय कळते? आम्ही यंत्रज्ञ नव्हे, हे कबूल. परंतु आमचे वडील ट्रक चालवीत असत, आणि सेमिनरीत जाईपर्यंत आमच्या सुट्ट्या त्या ट्रकच्या हौद्यात आणि खाली चिंध्या, तेल आणि पाने घेऊन गेल्या आहेत.

प्रथम इंजिनाचे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे यंत्र यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे: दट्ट्याने हवा इतकी दाबावयाची की ती तापून लाल होण्याच्या बेतास येते, आणि त्या तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा. तेल आपोआप पेटते. हवा सोळा-अठरा पट दाबली जाते. तेव्हा ह्या यंत्राला मुख्यतः दोनच गोष्टी हव्यात, स्वच्छ हवा आणि स्वच्छ तेल. आणि आमच्या तांबड्या धुळीच्या रस्त्यांवर नेमक्या ह्याच दोन दुर्मिळ होतात.

लाकडे भरावयाची तर ट्रक रानातील कच्च्या वाटेने जातो. एका दिवसाच्या अशा फेरीत हवेची गाळणी जितकी भरते, तितकी डांबरी रस्त्यावर महिन्यात भरत नसेल. गाळणी कोंडली की इंजिनाचा श्वास कोंडतो, तेल अर्धवट जळते, मागून काळा धूर येतो आणि डिझेल जास्त लागते. काळा धूर दिसताच पंपाला दोष देण्यापूर्वी गाळणी उघडून पाहावी. पांढरा धूर येत राहिला तर न जळलेले डिझेल बाहेर पडत आहे किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरत आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नये, डिझेलच्या इंजिनात ते लवकरच काळे होते. पण काठी बाहेर काढल्यावर ते ताकासारखे फेसाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे; तो ट्रक त्या दिवशी हलवू नये.

तेलातील पाणी हा दुसरा शत्रू. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली, की आतील दमट हवेचे दव होऊन ते तळाशी साचते. म्हणून टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी. फिल्टरखाली पाणी साचण्याची वाटी असते, तिची चावी सैल करून आठवड्यातून एकदा, आणि पावसात रोज, पाणी सोडून द्यावे. कॅनमधील डिझेल ओतावयाचे तर गाळण्याला सुती कापड नको, त्याचे तंतू आत जातात. बारीक जाळी हवी. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळलेले तेल घेणाऱ्याने पंपाचा आणि नोझलचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा.

टाकी पूर्ण आटली तर नळीत हवा शिरते. ट्रकने एअर घेतली, असे आपले मेकॅनिक म्हणतात. जुन्या ट्रकांत ही हवा काढणे सोपे आहे: फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करावा, हाताचा पंप मारीत राहावे, बुडबुडे थांबून निव्वळ तेल आले की स्क्रू आवळावा आणि मग स्टार्टर मारावा. नव्या ट्रकांत मात्र कॉमन रेल पद्धत असते, तिच्यातील दाब वातावरणाच्या दीड हजार पटींहूनही अधिक असतो. इंजिन चालू असता त्या नळ्यांचे नट कोणी सैल करू नयेत, आणि गळती शोधण्यासाठी नळीवरून हात तर मुळीच फिरवू नये. तेलाची ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, वेदनाही थोडी. परंतु आत मांस सडू लागते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास हळद लावून घरी बसू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन नेमके काय घडले ते डॉक्टरांस सांगावे.

२०२० च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या ट्रकांत डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रवाची दुसरी टाकी असते. एका टाकीतला द्रव दुसरीत पडला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे होतील. रात्री, घाईत, क्लीनरकडून हे घडते. दोन्ही झाकणांना वेगळा रंग लावून टाकावा.

आता घाटाकडे वळू, कारण खरा जीव तिथेच टांगणीला असतो.

१९९१ सालच्या एप्रिलमध्ये आमचे वडील निलगिरीची लाकडे घेऊन अनमोडचा घाट उतरत होते. त्या काळी, आणि दुर्दैवाने आजही, चार लिटर डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची खोड पुष्कळांना होती. वडिलांनाही होती. एअर ब्रेकला लागणारी हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा भरणे बंद, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतील साठा तेवढा कमी. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पायाखाली काही उरले नाही. दरीची बाजू सोडून त्यांनी ट्रक डोंगराच्या कडेला घातला आणि तो दरडीला घासत थांबला. वडिलांना खरचटले एवढेच. परंतु लाकडांवर क्लीनर झोपला होता, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. तो ओंडक्यांबरोबर खाली आला. त्याचा उजवा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. वडिलांनी आपली चूक कोणापासून लपविली नाही; ट्रक विकला जाईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपली, की ते त्या मुलाच्या घरी जाऊन काही रक्कम त्याच्या आईच्या हाती ठेवीत आणि पुष्कळदा आम्हांस बरोबर नेत. ती माउली पैसे घेई, पण बोलत नसे.

घाटात ब्रेकवर काय भार पडतो ह्याचा हिशेब मागाहून शाळेत पदार्थविज्ञान शिकताना आम्ही करून पाहिला. सोळा टन वजनाचा भरलेला ट्रक ५०० मीटर खाली उतरला, तर जी शक्ती कुठे तरी जिरवावी लागते ती सुमारे २२ युनिट विजेइतकी असते. तेवढ्या उष्णतेने अडीचशे लिटर गार पाणी उकळीस येईल. ती सर्व चाकांच्या ड्रमांतच जिरवू म्हटले तर लायनर तापून गुळगुळीत होतात, करपल्याचा वास येतो, आणि पाय तळापर्यंत गेला तरी चाक धरत नाही. उपाय जुना आहे: ज्या गिअरमध्ये हा चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो गिअर उताराच्या तोंडाशीच टाकावा, मध्यावर नव्हे. मग इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावा. ब्रेकवर पाय सतत ठेवून घासत न्यावयाचे नाही. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून कमी करावा आणि सोडावा. डिझेल वाचविण्याचे म्हणाल, तर गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला की आजचे पंप इंजिनाला तेल जवळजवळ देतच नाहीत. म्हणजे ज्या चार लिटरांसाठी हे धाडस केले जाते, ते मुळात वाचतच नाहीत.

सकाळी निघण्यापूर्वी हवेच्या टाक्यांखालील चाव्या उघडून साचलेले पाणी व तेल काढावे, काट्यावर दाब पुरता चढल्यावाचून गाडी हलवू नये, आणि इंजिन बंद करून शांतपणे कान द्यावा. सूं असा आवाज आला तर नळी गळत आहे. चाक बदलले असल्यास पन्नासेक किलोमीटरांवर नट पुन्हा आवळावेत. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहून तो निवतो. आणि एक विनंती: ट्रक अडला म्हणजे चाकाखाली दगड घालतात, निघताना ते तिथेच टाकून जातात. मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा त्यात काय अपराध?

लाकडे भरताना जड ओंडके तळाशी व पुढच्या अंगाला घ्यावेत. सारे वजन मागच्या फाळक्याकडे गेले तर चढावर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. दोर किंवा साखळ्या निघताना कितीही ताणल्या तरी लाकूड हादऱ्यांनी बसते व त्या ढिल्या पडतात. आठ-दहा किलोमीटरांवर थांबून पुन्हा आवळाव्यात. भरावर कोणीही बसू नये. ह्या एका बाबतीत आम्ही कोणाचीच सबब ऐकून घेत नाही.

जादा वजन घालण्याचा मोह मोठा असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने त्यास २०,००० रुपये दंड, आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये ठरविले आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० पर्यंत रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून पाहणी झाली होती. तीवरून असे आढळले की आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची नासाडी जवळजवळ त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार एक पंचमांश वाढला तर नासाडी दुप्पट. आपल्या रस्त्यांतील खड्ड्यांबद्दल सरकारला बोल लावताना आम्हांस हा हिशेब आठवतो आणि आवाज जरा खाली येतो.

पण आमच्या मते ह्या वजनातला मोठा भाग निव्वळ फुकटचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. दहा टन ओली निलगिरी घाटावरून नेणारा माणूस चार-पाच टन पाणी वाहून नेत असतो. त्यासाठी डिझेल जळते, पाटे तुटतात, टायर झिजतात. असे लाकूड जळताना प्रथम स्वतःचे पाणी उकळवीत बसते; नीट वाळलेल्या किलोभर लाकडाच्या तुलनेत त्यातून निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता मिळते आणि धूर मात्र भरपूर. लाकूड वजनावर विकले जाते म्हणून विकणाऱ्याला ओले बरे वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु काट्यावर पाणी तोलून लाकडाचा पैसा घेणे ह्याला काय म्हणावे, ते दूधवाल्याच्या बाबतीत आपण सर्वांनी कधीच ठरविले आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात तोडावे, लगेच फोडावे, कारण सालीतून पाणी सहसा बाहेर पडत नाही, ते फोडीच्या अंगाने जाते. जमिनीवर दोन ओंडके आडवे टाकून त्यांवर फाटी रचावीत, वरून झाकावे, बाजू मात्र वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. ताडपत्रीने चोहोबाजूंनी गुंडाळल्यास लाकूड वाळण्याऐवजी बुरसते. मे अखेर टोकांना चिरा पडलेल्या दिसतात, आणि दोन फाटी एकमेकांवर मारली तर खणखण वाजतात. कण्हेर जाळू नये, तिचा धूर विषारी असतो. बिब्ब्याला तर हातही लावू नये.

लाकूड कोठून आणावयाचे हाही प्रश्न आहे. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा लावलेल्या काही झाडांना कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात तोडीच्या परवानगीतून सूट आहे. इतर झाडे आपल्याच बांधावर असली तरी वनखात्याला विचारल्यावाचून तोडता येत नाहीत. गोव्याचा कायदा वेगळा, १९८४ चा. एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूच्या नाक्यावर पुरेसा आहे की नाही, हे ट्रक भरण्यापूर्वी विचारावे. भीमगडच्या अभयारण्यातून परवान्याविना पडलेले लाकूडसुद्धा उचलणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे पकडला गेलेला ट्रक जप्त झाला म्हणजे तो कधी सुटेल ते सांगवत नाही. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

घरातील सरपण बहुतेक ठिकाणी बायाच आणतात, वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन. मानेचे आणि गुडघ्यांचे दुखणे पुढे त्यांनाच भोगावे लागते. ज्या घरी ट्रक आहे, त्या घरच्या गृहिणीलाही रानातून मोळी आणताना आम्ही पाहिले आहे, आणि मालकांना तसे विचारलेही आहे. रिकामा परतणारा ट्रक वाटेत काजूच्या बागेची छाटणी उचलून वर्षाचे सरपण एका खेपेत दारात टाकू शकतो. मग ती रास पडवीला चिकटवून रचू नये. भिंतीपासून हातभर दूर रचावी, आणि फाटे काढताना हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे. पावसाच्या सुरुवातीस फुरसे आणि विंचू तिथेच आसऱ्याला येतात.