डबा शोधा, पण खणू नका!

३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काय? थोडं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, काही पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा. मग त्यानं जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले, की या आणि शोधा. तीन दिवसांच्या आत पहिला शोधक हजर! जिओकॅशिंग या खेळाचा जन्म हा असा झाला. गंमत म्हणजे आजच्या नियमांत ती बादली दोनदा नापास होईल. जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायला बंदी आहे आणि खायची वस्तू ठेवायलाही, कारण वासावर जनावरं येतात. पुढे बादली गवत कापायच्या यंत्राखाली सापडली. वाचला तो फक्त घेवड्याचा डबा, आणि खेळाडूंमध्ये त्याला आता जवळजवळ अवशेषांचा मान आहे.

मुहूर्त नेमका तोच का? कारण आदल्याच दिवशी अमेरिकन सरकारनं जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेला घोळ बंद केला होता. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत चूक यायची, ती एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आली. उल्मरला ती अचूकता तपासायची होती, एवढंच.

रानात काहीतरी लपवायचं आणि लोकांना पायपीट करायला लावायची, हे व्यसन मात्र जुनं. इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये जेम्स पेरॉट या वाटाड्यानं १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यानं आपलं भेटकार्ड त्यात टाकायचं. त्याच्याही आधीचा डबा आपल्या महाभारतात आहे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रं विराटनगराबाहेरच्या शमीच्या झाडावर लपवली, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत बांधलं. जिओकॅशिंगवाले छोट्या डबीला झाडाच्या सालीचा रंग देऊन खूश होतात. पांडवांच्या बंदोबस्तापुढे ते काहीच नाही. शिवाय वर्षभर कुणाला सापडलं नाही, मालकांना जसंच्या तसं परत मिळालं, आणि जमीनही खणली नाही. एवढे नियम तरी पाळले!

हे विराटनगर म्हणजे जयपूरच्या उत्तरेचं बैराट, असं परंपरा सांगते. आमची वाई हीच विराटनगरी, असं वाईकरही सांगतात. त्या भांडणात आपण पडायला नको. पण या खेळाच्या निमित्तानं शनिवार-रविवार काढायचा तर तो जयपूरकडे काढावा आणि सुरुवात बगरूपासून करावी, असं माझं मत आहे.

शनिवार : रंगांच्या मागावर

जयपूर-अजमेर रस्त्यावर, जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर बगरू आहे. मराठी पर्यटक हवामहल, आमेर उरकतो आणि बगरूचं नाव बेडशीटच्या दुकानात ऐकतो. खरं तर ठशांनी कापड छापणाऱ्या छिपांच्या मोहल्ल्यातली एक फेरी ही पक्की नेचर ट्रेल आहे, फक्त झाडं इथे कापडावर आहेत.

कापड धुऊन झालं की पहिल्यांदा बुडवायचं ते हरड्याच्या पाण्यात. हरडा म्हणजे आपला हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, तोच. त्यानं कापडाला फिकट पिवळट झाक येते. पण हिरड्याचं खरं काम पुढे आहे. त्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं. काळ्या रंगासाठी इथले कारागीर गंजकं लोखंड, जुने नाल, खिळे, गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबत ठेवतात. हे पाणी ठशानं हिरड्याच्या कापडावर लागलं की काळी रेघ तयार! जुन्या काळची लिहायची शाई याच रसायनावर चालायची. भंगारवाला आणि वैद्य मिळून रंगारी होतात, असा हा प्रकार.

लालची तऱ्हा आणखी निराळी. ठशानं लावतात ती तुरटी, आणि ती लावताना फारशी दिसतही नाही. रंग उमटतो तो कापड अलिझरीन या रंगद्रव्याच्या पाण्यात उकळल्यावर, आणि जिथे तुरटी तिथेच. त्या पाण्यात धावडीची फुलं टाकतात, म्हणजे बाकीच्या कापडावर डाग पडत नाहीत. धावडी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडावर लालेलाल होणारी आपली धायटी. पूर्वी लाल रंग आलच्या मुळांतून यायचा. आल म्हणजे बारतोंडी. जर्मनीत १८६८ मध्ये अलिझरीन प्रयोगशाळेत बनलं आणि जगभर मुळं खणायचं काम हळूहळू बसलं.

मग 'दाबू', म्हणजे चिखलाची छपाई. काळी माती, चुना, डिंक आणि किड्यांनी पोखरलेल्या गव्हाचं पीठ कालवून चिखल करायचा आणि तो ठशानं कापडावर छापायचा. वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, उन्हात वाळवायचं आणि निळीच्या कुंडात बुडवायचं. चिखल असेल तिथे निळा रंग शिरत नाही. गहू किडला म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या घरांनी इथे येऊन बघावं. इथे तो किडलेलाच हवा असतो! निळीचा खेळ मुलांना हमखास आवडतो. कुंडातून कापड हिरवट-पिवळं बाहेर येतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं.

एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा 'रेख', जमिनीचा 'गद' आणि आतला रंग भरणारा 'दत्ता', असे निदान दोन-तीन लागतात. शिसम, साग, रोहिडा या लाकडांत ते कोरतात आणि आत बारीक भोकं ठेवतात, म्हणजे दाबताना हवा अडकत नाही.

आता खेळ. मुलांना अक्षांश-रेखांश देऊन सोडण्यापेक्षा पाच वस्तू शोधायला सांगा: हिरडा, नाल, धायटीची फुलं, भुसा, भोकं असलेला ठसा. कारागिराला आधी विचारा, वाळत घातलेल्या कापडावर पाय पडू देऊ नका, आणि निघताना काहीतरी विकत घ्या. एवढा वेळ दिलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

दुपारनंतर : दगडात कोरलेले अंश

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे त्यांची घड्याळं रोज आपल्यापेक्षा ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरवर जाईल. म्हणजे जयपूरला डबा शोधायचा आणि निघायचं बगरूच्या वाटेला!

वेळ आणि जागा यांचं हेच नातं दगडात बघायचं तर ऊन आहे तोवर जयपूरला परता. तिथल्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २७ मीटर उंच आहे. त्याच्या भिंतीचा उतार सुमारे २७ अंशांचा, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतका. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. बोट टेकवून उभे राहा, पृथ्वी फिरताना दिसते. बगरू याच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे माध्यान्ह सुमारे एक मिनिट उशिरा होते. आणि एक मराठी धागा: जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगाचे ज्योतिषी पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. टॉलेमी आणि युक्लिड हे दोघे त्यांच्या हातून अरबीतून संस्कृतात आले.

रविवार : पानं नसलेलं झाड शोधा

नाहरगडाच्या पायथ्याशी किशनबाग हे उद्यान २०२१ मध्ये खुलं झालं. सुमारे ६४ हेक्टर. गुलाबाचे ताटवे आणि कारंजी बघायला येणाऱ्याची इथे निराशा होईल. इथे वाळूच्या जुन्या टेकड्या आहेत, खडक आहेत आणि त्यावर राजस्थानचीच झाडझुडपं. केर हे बहुतेक काळ पानंच नसलेलं हिरव्या काड्यांचं झुडूप. त्याचीच फळं केर-सांगरीच्या भाजीत. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे वर आलेली पांडवांची शमी. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. धोक हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. रोहिडा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास केशरी-पिवळा पेटतो.

हे उद्यान घडवणारे प्रदीप क्रिशेन आधी सिनेमावाले. त्यांच्या १९८९ च्या 'इन व्हिच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स' या चित्रपटाची पटकथा अरुंधती रॉय यांची होती आणि छोट्याशा भूमिकेत शाहरुख खान नावाचा एक पोरगा होता. सिनेमा सोडून हा माणूस झाडांकडे वळला. किशनबागेच्या आधी, २००६ पासून, त्यांनी जोधपूरला मेहरानगडाखालच्या खडकाळ जमिनीवर राव जोधा उद्यान उभं केलं. तिथे वेडी बाभूळ खडकात मुळं रोवून बसली होती. वरून तोडली की परत फुटायची. शेवटी खंडवालिया बोलावले, म्हणजे पिढीजात खाणकामगार. ते हातोड्यानं खडक ठोकून, आवाजावरून तो आत कसा आहे हे ओळखत. त्यांनी छिन्नीनं खणून मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत देशी झाडं लावली गेली. मला विचाराल तर या साऱ्या मजकुरातली सगळ्यात भारी गोष्ट हीच.

इथे मुलांच्या हाती मोबाइल देऊन अक्षांश-रेखांशाचा खेळ करा. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर अक्षांशाच्या दिशेनं सुमारे १.८५ मीटर. पण उघड्या आकाशाखालीही मोबाइल पाचेक मीटर चुकतो. शेवटचे ते पाच मीटर डोळ्यांनीच पार करायचे, आणि झाडं दिसतात ती तिथेच. डबा न ठेवता प्रश्न ठेवा: या बिंदूवर उभं राहून पानं नसलेलं झुडूप दाखव. वाळू संपून खडक कुठे सुरू होतो ते सांग.

बिनडब्याचा हा प्रकार अधिकृतही आहे. २००४ पासून खेळात 'अर्थकॅश' आला: डबा नाही, फक्त भूगर्भाविषयीचा प्रश्न. झालानासारख्या ठिकाणी तोच शहाणपणाचा मार्ग. जयपूर शहराला लागून बिबट्यांचं हे जंगल आहे, २०१६ पासून तिथे सफारी चालते, आणि गाडीतून उतरून डबे शोधायला तिथे कुणी सोडणार नाही.

जाता जाता

न खेळणाऱ्यांना हे खेळाडू 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. डब्यातून काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीचं ठेवायचं आणि वहीत नाव लिहायचं. रिचर्ड गॅरिऑटनं २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक ठिकाण नोंदवलं. ते प्रत्यक्ष 'सापडायला' २०१३ उजाडलं. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर खेळाचा शोधक्रमांक आहे. तिथे वही ठेवलेली नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी. रेल्वे स्टेशनावर दिवसभर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकणाऱ्या देशात झाडाच्या ढोलीत डबा ठेवाल तर तो खेळाडूच्या आधी पोलिसांना सापडेल. परदेशातून भाचा-पुतण्या येणार असेल तर त्याला सांगा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात विनापरवाना बाळगता येत नाहीत. साधा मोबाइल पुरतो.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. बरोबर टोपी आणि भरपूर पाणी घ्या, आणि एक रिकामी पिशवीही. या खेळात २००२ पासून एक रीत आहे: ठिकाण शोधून परतताना वाटेतला कचरा उचलून आणायचा. ती किशनबागेतही पाळा आणि सिंहगडावरही.