श्वानशिक्षण आणि दंडनीती

दिवसभर बंद असलेल्या घराचे दार उघडावे, आत कुरतडलेली चप्पल नि फाडलेली उशी आढळावी, आणि कोपऱ्यात कान पाडून, शेपटी पायांत घालून, नजर चुकवीत बसलेले कुत्रे दिसावे, म्हणजे गृहस्वामीची अशी पक्की खात्री होते की, या प्राण्यास आपला गुन्हा ठाऊक आहे, मुद्रेनेच तो कबुलीजबाब देत आहे, आणि आता शिक्षेची अंमलबजावणी तेवढी उरली आहे. ही खात्री शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. आणि तिच्यापायी घरोघरी मुक्या जनावरांस जो निष्कारण मार बसतो, त्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक आहे. १४ पाळीव कुत्री त्यांनी निवडली. धन्याने कुत्र्यापुढे खाऊ ठेवून तो न खाण्याचा हुकूम द्यावा व खोलीबाहेर जावे. त्याच्या गैरहजेरीत तो खाऊ कधी कुत्र्याच्या पोटात जाई, तर कधी प्रयोगकर्तीच तो उचलून घेई. आणि परतलेल्या धन्यास घडलेली हकिकत कधी खरी, तर कधी खोटी सांगण्यात येई. निष्कर्ष असा निघाला की, त्या तथाकथित अपराधी मुद्रेचा संबंध कुत्र्याने आज्ञा मोडली की पाळली याच्याशी नसून, धनी रागावला की नाही याच्याशी होता. किंबहुना ज्याने आज्ञा तंतोतंत पाळली आणि तरीही ज्यास बोल खावे लागले, त्याच्या ठायी ती अधिक ठळकपणे प्रकट झाली. सारांश, आपण ज्यास पश्चात्ताप समजतो ती वस्तुतः समोरच्याचा कोप शमविण्याची धडपड असते.

असे का व्हावे, याचे उत्तर शिक्षणाच्या मूलभूत नियमात आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून असे दाखविले की, ज्या कृतीमागोमाग सुखद फळ मिळते ती कृती प्राणी पुनःपुन्हा करू लागतो. येथे 'मागोमाग' या शब्दावर सारी भिस्त आहे. दुपारी फाडलेल्या उशीबद्दल सायंकाळी दिलेला मार कुत्र्याच्या मनात उशीशी जोडला जात नाही; तो जोडला जातो कुलपात फिरणाऱ्या किल्लीच्या आवाजाशी आणि धन्याच्या पावलांशी. पिल्लाने घरात लघवी केली की त्याचे नाक त्या ओलीत घासण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तीही अशीच व्यर्थ व घातक. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली जागा शोधू लागते. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर व खेळानंतर त्यास लगेच बाहेर न्यावे, आणि कार्यभाग उरकताच तेथल्या तेथे खाऊचा तुकडा द्यावा, एवढी तजवीज बहुधा पुरेशी होते.

दंडनीतीच्या पुरस्कर्त्यांचा दुसरा आधार म्हणजे लांडग्यांचा दाखला. कळपात एक बलवान नायक इतरांस धाकात ठेवतो, म्हणून धन्यानेही कुत्र्यावर वर्चस्व गाजवावे, हा तो युक्तिवाद. त्याचे मूळ रूडॉल्फ शेंकेल यांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात केलेल्या, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आहे. परंतु ते लांडगे बंदिस्त आवारातले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना प्रथम स्वीकारली खरी. पण पुढे उत्तर ध्रुवाजवळील एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांचा सहवास घडल्यावर, कळप म्हणजे सामान्यतः आईबाप व त्यांची पोरे यांचे कुटुंबच होय, असे त्यांनी १९९९ साली स्पष्टपणे मांडले. स्वतःच्या ग्रंथातील मताचा असा जाहीर त्याग करणारा विद्वान मला अत्यंत आदरणीय वाटतो.

आता अंगावर उडी मारणे, दारावरची घंटा वाजताच भुंकत सुटणे, या नित्याच्या तक्रारी. यांतील बहुतेक सवयी नकळत आपणच लाविलेल्या असतात, कारण 'अरे, खाली हो' असे म्हणत ढकलणे हेदेखील कुत्र्याच्या लेखी लक्ष मिळणेच होय. उडी मारताच पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीस टेकताच कौतुक करावे. मात्र असे केल्यावर पहिले काही दिवस उड्या कमी न होता वाढतात, हे ध्यानी ठेवणे अवश्य आहे. मिळत आलेले फळ बंद झाले की प्राणी आधी अधिक नेट लावतो. नेमक्या त्याच वेळी घरातील एखाद्याने कंटाळून लाड केले, तर ती खोड पूर्वीपेक्षाही चिवट होते, म्हणून घरातील सर्वांचे वर्तन एकसूत्री असले पाहिजे.

भयाची गोष्ट निराळी आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात नेवा नदीचा पूर शिरला, तेव्हा रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचविण्यात आली. आणि त्यानंतर असे आढळले की, कित्येक महिने परिश्रमाने शिकविलेले प्रतिसाद त्यांतील काहींच्या ठिकाणी लुप्त झाले आहेत. ते हळूहळू परत आल्यावर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर ते पुन्हा नाहीसे झाले. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने थरथरणाऱ्या कुत्र्यास दटावणारांनी हा वृत्तांत अवश्य मनन करावा. भ्यालेला जीव शिकू शकत नाही. त्याची तयारी दिवाळीच्या दोनतीन महिने आधी, फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी मंद लावून व त्यासोबत आवडता घास देऊन, क्रमाक्रमाने करावयाची असते. आवाज वाढविताना कुत्रे जरा जरी बिचकले तरी एक पायरी मागे यावे.

एक विनंती शेवटी करावयाची आहे. शांत स्वभावाचे कुत्रे एकाएकी गुरगुरू लागले, अंगास हात लावू देईनासे झाले किंवा घरात घाण करू लागले, तर काठी न उचलता त्यास प्रथम पशुवैद्याकडे न्यावे; कानातील संसर्ग, किडका दात, सांध्यांची वेदना किंवा मूत्रमार्गाचा विकार ही अशा बदलांची नेहमी आढळणारी कारणे आहेत आणि त्यांवर उपचार उपलब्ध आहेत.