वाऱ्यासाठी बांधलेली कांदाचाळ

नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांच्या कांदापट्ट्यात शेतकरी एखाद्या गवंड्याच्या वा सुताराच्या मदतीने, पुष्कळदा घरच्याच माणसांच्या बळावर, जी कांदाचाळ उभारतो ती लांबट, चिंचोळी, जमिनीपासून उचललेली आणि चहूबाजूंनी फटींची असते. राहत्या घराच्या बांधकामात फट राहिली तर तो दोष मानला जातो. येथे ती बुजली तर दोष. एप्रिल-मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा ऑक्टोबरपर्यंत टिकवायचा असतो आणि काढणीनंतरही तो श्वसन करीत असल्यामुळे उष्णता व बाष्प बाहेर टाकतो. हे बाष्प ढिगात कोंडले की सड सुरू होते. चाळीची बहुतेक मापे या एका कारणाने ठरतात.

ढिगाची रुंदी साधारण ४ फुटांच्या पुढे नेली जात नाही, कारण त्याहून जाड थराच्या मध्यापर्यंत वारा पोचत नाही. उंचीही ४ ते ५ फुटांवर थांबवावी लागते, नाहीतर वरच्या वजनाने तळचा कांदा दबतो. म्हणून साठा वाढवायचा तर चाळ लांब करावी लागते. २० फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच ढिगात पाच टनांहून थोडा अधिक कांदा मावतो. कांद्याची एकच ओळ असलेली, म्हणजे एकपाखी, चाळ दक्षिणोत्तर बांधतात. पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने तो तिच्या लांब बाजूवर आदळून ढिगातून आरपार जातो. मध्ये वाट सोडून दोन ओळी असलेली दुपाखी चाळ मात्र पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे वारा त्या वाटेतून वाहतो.

आखणीत काटकोन साधण्यासाठी गुण्या, म्हणजे गवंड्याचे काटकोनी हत्यार, हाताशी नसला तरी अडत नाही. दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणला की कोपरा मिळतो. खांबांचे खड्डे मात्र घाईने उरकण्याजोगे नसतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांब तिच्यातच उभा केला तर दोन-तीन वर्षांत ओळंबा चुकतो, म्हणून मुरमाचा घट्ट थर लागेपर्यंत खोल जाणे भाग असते.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच घेतात, कारण गार हवा खालूनच ढिगात शिरते. वरच्या हिशेबाने तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ६५ किलो भार येतो. त्यामुळे आडवी लाकडे जवळजवळ लावून त्यांवर बांबूच्या कामट्या, म्हणजे उभ्या चिरलेल्या पट्ट्या, बसवतात. दोन कामट्यांतली फट लहान कांदा निसटणार नाही इतकीच ठेवायची असते. खिळ्याने कामटी चिरते आणि त्याचे टोक कांद्याला जखम करते, म्हणून तारेने बांधणे चांगले. गाठ मात्र बाहेरच्या अंगाला हवी. बांबू कोवळा असेल तर त्यातल्या पिष्टावर भुंगेरे पडतात, ही गोष्ट स्वस्त माल घेताना हमखास विसरली जाते.

छपराला पत्रा सोपा, पण उन्हात तो तापून वरचा थर भाजतो. कौले किंवा सिमेंटचे पत्रे त्यामानाने थंड राहतात, आणि लोखंडी पत्राच वापरायचा झाल्यास त्यावर उसाचे पाचट पसरून वारा उडवणार नाही असे बांधतात. छपराची कड ढिगापासून पुरेशी बाहेर काढली नाही तर पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून तळाशी उडते. तिरप्या पावसासाठी पश्चिमेला तरट सोडतात. पाऊस उघडला की ते गुंडाळून वर बांधावे लागते, आणि नेमके हेच काम पेरणीच्या धांदलीत राहून जाते. मग फटींच्या हिशेबाने उभारलेली चाळ पंधरा दिवस बंद खोलीसारखी वागते आणि तरट उचलल्यावर आधी वास बाहेर येतो.